कोब्यावरची पावलं

सहादू माणसं ओळखतो ती पायांवरून. तीस वर्षं लोकांच्या घरांत, हॉटेलांत, ऑफिसांत गुडघ्यांवर रांगत कारपेट घालणाऱ्या माणसाला दुसरं दिसणार तरी काय? चेहरे वर कुठेतरी असतात, पंख्याच्या आसपास. खाली असतात ते पाय. रविवार कारंज्यावर कुणी "काय सहादूभाऊ, ओळख आहे का?" म्हणून थांबलं, की त्याची नजर आधी जमिनीकडे जाते, आणि मग एकदम चेहरा उजळून तो म्हणतो, "अरे, कॉलेज रोडचे साहेब!" त्याची बायको ठमाबाई चेष्टेनं सांगते, की लग्नात मला ह्यांनी अंतरपाटाखालून पाहून घेतलं होतं, तोंड पाहिलं ते दुसऱ्या दिवशी. खरं असावं.

गाव दिंडोरीच्या पुढचं. लहानपणी त्याची आई घर सारवायची तेव्हा तो उंबऱ्यावर बसून बघायचा. ती कोपऱ्यातून सुरुवात करायची आणि मागे मागे सरकत दाराशी यायची, म्हणजे ओल्या जमिनीवर पाऊल उमटायला नको. सहादू आजही कारपेट तसंच घालतो. शहरातली पोरं दारातून सुरू करतात आणि मग कोपऱ्यात स्वतःच अडकून बसतात, ह्याची त्याला मोठी गंमत वाटते.

त्याला गर्व कशाचा असेल, तर तो एकाच गोष्टीचा. ओल त्याला चकवू शकत नाही. सिमेंटचा कोबा वरून हाडासारखा कोरडा दिसतो, पण पोटात पाणी धरून बसलेला असतो. त्याच्यावर फोम आणि कारपेट घातलं, की चार महिन्यांत कुबट वास सुटतो. म्हणून सहादू आधी हाताची पालथी बाजू जमिनीला लावून बघतो, आणि मग प्लास्टिकचा एक चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर ठेवतो. सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब धरलेले दिसले, की काम बंद. मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. नाशकातल्या निम्म्या कारपेटच्या दुकानांत बोललं जातं, की सहादूनं कोरडं म्हटलं म्हणजे कोरडं आणि ओलं म्हटलं म्हणजे ओलं, पुढे बोलायचं नाही.

तर अशा ह्या माणसानं गेल्या जानेवारीत मखमलाबाद रोडवरच्या एका बंगल्यात काय केलं, त्याची ही गोष्ट.

बंगला ज्ञानेशचा. हा ज्ञानेश पॉलिहाऊसमध्ये गुलाब करतो, चाळिशीचा आहे, आणि आईवर त्याचा जीव आहे. आई म्हणजे सावित्रीबाई. चाळीस वर्षं ती पंचवटीत झेंडू-शेवंतीचे हारे मांडून बसली, त्या फुलांवर हे घर उभं राहिलं. आता तिचं वय शहात्तर, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. गणपतीत ती आपल्या खोलीच्या दारात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांदवडला लेकीकडे दोन महिने राहून ती परत आली. तेवढ्यात ज्ञानेशनं सगळा राग गुळगुळीत टाईल्सवर काढला. खोलीतल्या आणि खोलीपर्यंत जाणाऱ्या पॅसेजमधल्या टाईल्स उखडून टाकल्या आणि साधा कोबा करून घेतला. आता त्याच्यावर जाडजूड फोम आणि वर कारपेट घालायचं होतं.

"आई परत पडलीच, तरी गादीवर पडल्यासारखी पडली पाहिजे," तो सहादूला म्हणाला. आईजवळ बसून दोन शब्द बोलण्यापेक्षा घराची जमीन फोडणं त्याला सोपं जात असावं. बऱ्याच मुलग्यांचं असंच असतं.

खोलीतली ओल सहादूनं आधीच्या रविवारी तपासली होती. कोरडी ठणठणीत. पॅसेजमध्ये सारखी ये-जा, म्हणून तिथलं तपासणं राहिलं होतं. पण हात लावून त्याला कळलं होतं, तोही कोरडाच आहे.

पहिल्या दिवशी सकाळी तो खोलीत शिरला, तर सावित्रीबाई खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. सून मनीषा म्हणाली, "आई, आपण हॉलमध्ये बसू, इथे धूळ होईल." म्हातारी ढिम्म हलली नाही.

"कोण गं हा? एक पाय टाकतो न् एक ओढतो."

"कारपेटवाला, मावशी. सहादू," तो म्हणाला. "गुडघा धरलाय उजवा."

"मग बस खाली. तुझं कामच खाली बसायचं."

तिथून त्यांचं जमलं. तो जमीन झाडत होता, भिंतीच्या कडेनं खिळ्यांच्या लाकडी पट्ट्या ठोकत होता, आणि ती घरातल्या सगळ्या हालचाली त्याला ऐकवत होती. ही मनीषा, जोडवी वाजतात तिची. हा ज्ञानू, फोनवर बोलताना चार पावलं हिकडं न् चार पावलं तिकडं. हा दूधवाला, आज उशीर झाला म्हणून पळतोय. अनवाणी चाललं तरी कोबा बोलतो, ती म्हणाली. टाईल्स नुसत्या किंचाळायच्या. कोब्यात माणूस निराळं कळतं.

सहादू हातोडी थांबवून ऐकायचा. इतकी वर्षं जमिनीशी नाक लावून काढली, पण जमीन ऐकायची म्हणून त्यानं कधी ऐकली नव्हती. त्याला जरा लाजल्यासारखं झालं.

दुपारी फोम पसरून झाला. भाकरी खाऊन तो त्याच्यावरच पलंगापलीकडच्या कोपऱ्यात आडवा झाला. खिडकीतून जानेवारीचं पातळ ऊन पोटावर येत होतं. दूर कुठेतरी पॉलिहाऊसचा पंप चालू होता. त्याला झोप लागली आणि स्वप्न पडलं. त्यानं आजवर घातलेली सगळी कारपेटं एकमेकांना जोडली गेली होती. निळी, तपकिरी, लाल, गोदावरीच्या ह्या काठापासून त्या काठापर्यंत आणि पुढे दिंडोरीच्या बागांमधून थेट गावापर्यंत. त्यांच्यावरून माणसं चालली होती, शेकडो, ओळखीचे सगळे पाय. आणि कुणाचाच आवाज येत नव्हता. पुढे त्याची आई पाठमोरी सारवत होती, मागे मागे सरकत त्याच्याकडेच येत होती. तो अगदी जवळ जाऊन उभा राहिला, तरी तिला काही पत्ता नव्हता. त्यानं हाक मारायला तोंड उघडलं.

"गप," सावित्रीबाई म्हणाली.

सहादू जागा झाला. ऊन गेलं होतं, सहा वाजत आले असावेत. मनीषानं मधे कधीतरी म्हातारीला पलंगावर निजवलं होतं. सावित्रीबाईनं एक हात वर केला होता, आणि तोंड दाराकडे होतं.

पॅसेजमधून सपातांचा आवाज येत होता. चट्, चट्, हळू, मोजल्यासारखा. दारापाशी तो थांबला. सहादूला पलंगाखालून दिसलं, लहान मुलीचे पाय, पायांत गुलाबी सपाता, एका घोट्यावर काळा दोरा. अंगठे एकमेकांवर चढत होते. मिनिटभर ते पाय तसेच उभे राहिले. मग वळले, आणि चट् चट् आवाज परत लांब गेला.

सावित्रीबाईनं हात खाली घेतला.

"आरोही," ती म्हणाली. "माझी नात. अकरा वर्षांची."

"आत का नाही आली?"

म्हातारी जे बोलली, ते भिंतीला सांगावं तसं बोलली. "मी पडले ना, ती तिच्या दप्तरावर पडले. दारात टाकलं होतं पोरीनं. मी कुणाला बोलले नाय, पण ज्ञानूनं पाह्यलं. लय वरडला तिला. म्हणला, आजी मेली असती तुझ्यापायी. तव्हापासून ती आत येत नाय. बोलत बी नाय. रोज शाळंतून आली, दूध प्याली, की येती, दारात उभी ऱ्हाती, जाती."

"मग तुम्ही हाक मारायची."

"मारली दोनदा. पळाली. मग चार दिस दाराशी बी नाय आली. आता मी झोपल्याचं सोंग घेते." ती जराशी हसली. "तिला वाटतं मला कळत नाय. येऊ दे. तेवढं तरी येती ना."

सहादू फोमची एक कड उगाच दाबत राहिला.

"सहादू, हे बाहेरच्या वाटंवर बी घालणार का तू?"

"हो मावशी. उद्या. पॅसेजचा माल आलाय."

"मग ती आलेली मला कळायची नाय," सावित्रीबाई म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, पण हातानं चादरीचा काठ घट्ट धरला होता. "खोलीत काय घालायचं ते घाल. माझा पोरगा माझ्यासाठीच करतोय. पण त्याला हे सांगू नको. तो पुन्हा तिला बोलंल, न् मग माझं सगळंच गेलं."

सहादू हत्यारं गोळा करून पॅसेजमध्ये आला. तपासणीचा प्लास्टिकचा चौकोन हातात होता. तो भिंतीला टेकून बसला. पॅसेज तेरा-चौदा फुटांचा, एका टोकाला हॉल, दुसऱ्या टोकाला म्हातारीचं दार. तिच्या दिवसभराची सगळी माणसं ह्याच पट्टीवरून येत होती. उद्या तो इथे फोम टाकणार, गुडघ्यानं ढकलून कारपेट ताणून बसवणार, कड कापणार, आणि संध्याकाळी सहाला एक पोरगी येऊन उभी राहून जाईल, आणि आत म्हातारी जागी असूनही तिला कळणार नाही. मग रोजच. आपलं काम कुणाचं काही हिरावून घेतं, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पायांना मऊ लागतं म्हणून लोक खूष होतात, एवढंच तो इतकी वर्षं धरून चालला होता.

मनीषाला त्यानं हात पुसायला ओलं फडकं मागितलं.

तिनं दिलं. ती आत गेल्यावर त्यानं इकडे तिकडे पाहिलं, पॅसेजच्या मधोमध कोब्यावर ते फडकं पिळलं, तळहातानं पाणी चोळून जिरवलं, वरचं पाणी पुसून घेतलं आणि त्यावर प्लास्टिक ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. कामात आयुष्यात पहिल्यांदाच तो लबाडी करत होता, आणि तीही ओलीच्या बाबतीत. त्यापेक्षा चोरी करताना त्याला कमी लाज वाटली असती.

रामवाडीच्या पुलावरून चालत घरी जाताना तो रोजच्यासारखा खाली बघत नव्हता. ऐकत होता. कॉलेजच्या पोरांचे बूट, भाजीच्या जुड्या घेऊन निघालेल्या बाईच्या वहाणा, एका म्हाताऱ्याची काठी, आणि मधेच स्वतःचा तो ओढलेला पाय. नदीवरून गार वारा येत होता, आणि माणसं दिसायच्या आधी ऐकू येत होती. रविवार कारंज्यामागच्या आपल्या बोळात शिरताना घरातून ठमाबाई म्हणाली, "आलात? चहा टाकते." दार तर लोटलेलं होतं.

"तुला कसं कळलं गं मी आलो ते?"

"आता घ्या! इतकी वर्षं ऐकतीय ना तुमचा ओढलेला पाय," ती म्हणाली. सहादूनं चप्पल काढली आणि बराच वेळ पायरीवरच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानेश स्वतः पॅसेजमध्ये उकिडवा बसून प्लास्टिककडे बघत होता. आतल्या बाजूनं दहिवरासारखे थेंब धरले होते, आणि कोबा काळा पडला होता.

"अहो, खोली तर कोरडी निघाली होती!"

"पॅसेजखालून नळाची लाईन गेली असेल," सहादू म्हणाला. त्याचे कान गरम झाले होते. "इथे घालता येणार नाही, शेठ. वास सुटेल. मावशींना त्रास होईल."

"मग कधी?"

"येता पावसाळा जाऊ द्या. मग बघू."

ज्ञानेश चडफडला. प्लंबरला शिव्या घातल्या, बिल्डरला घातल्या. सहादू मान खाली घालून उभा. दोघांपैकी कुणाचीच काही चूक नव्हती, आणि सहादूच्या तोंडाशी खरं येऊन परत जात होतं. शेवटी ज्ञानेश उठला आणि म्हणाला, "तुम्ही ओलं म्हणताय म्हणजे ओलंच." हे ऐकण्यापेक्षा सहादूला शिव्या परवडल्या असत्या.

दिवसभर तो खोलीतच खपला. मऊ मातकट रंगाचं कारपेट उलगडलं. त्याच्या लवीवर हात फिरवून ती कुठे झुकते तो रोख पाहिला आणि तो दाराकडे धरला. खिडकीच्या भिंतीपासून सुरुवात केली, पट्टीच्या खिळ्यांत कड अडकवली, गुडघ्यानं धक्के देत इंच इंच ताणत मागे आला. दुखरा गुडघा कळा मारत होता, तरी आज कामात वेगळीच गोडी होती. पॅसेजचा कोबा जिथे संपत होता, बरोबर तिथे उंबऱ्यावर त्यानं कारपेट संपवलं आणि पाय अडकणार नाही अशी सपाट पट्टी मारली. सावित्रीबाई काही विचारत नव्हती. पॅसेजमध्ये हातोडी वाजली नाही, एवढं तिनं ऐकलं होतं. दुपारी चहा घेताना ती नुसती म्हणाली, "तुझी माय चांगली असंल रं." सहादूनं गरम चहाचा घोट घाईनं घेतला आणि जीभ भाजून घेतली.

साडेपाचला काम उरकलं. आता एकच राहिलं होतं. सगळं झालं, की सहादू त्या कारपेटवर स्वतः पाठ टेकून पडतो. कुठे फुगा असला, फोमचा जोड वर आला असला, तर हाताला चुकतो पण पाठीला चुकत नाही. पलंगापलीकडच्या बाजूला तो उताणा झाला. छत हळूहळू निळसर होत गेलं. त्या मऊपणात घर कुठेतरी लांब गेल्यासारखं वाटत होतं. डोळे मिटले की आपण जमिनीवर आहोत का पाण्यावर, तेही कळत नव्हतं.

चट्, चट्, चट्.

त्यानं मान वळवली. पलंगाखालून उंबरा दिसत होता. गुलाबी सपाता आल्या आणि कोब्याच्या शेवटच्या बोटभर जागेवर थांबल्या. वर पलंगावर म्हातारीचा श्वासही थांबला होता.

मग एक अंगठा सपातेतून बाहेर आला आणि त्यानं कारपेटला हात लावावा तसा स्पर्श केला. लगेच मागे गेला. पुन्हा आला. मग दुसरा पाय. दोन्ही सपाता कोब्यावर राहिल्या आणि दोन अनवाणी पाय कारपेटवर उभे राहिले. पोरीनं एक पाऊल टाकून बघितलं, आणि थांबून कानोसा घेतला. आवाज नव्हता. दुसरं टाकलं. आवाज नव्हता. तिच्या ध्यानात आलं होतं, की इथे आपण आजीला ऐकूच येणार नाही. चार महिने जे दारात अडलं होतं, ते आता मांजराच्या चालीनं एकेक पाऊल पुढे येत होतं. पलंगाशी येऊन ती खाली बसली, गुडघे पोटाशी घेऊन, पाठ पलंगाच्या पायाला लावून. तिची वेणी आणि आजीची लोंबलेली चादर ह्यांत चार बोटांचं अंतर होतं.

सावित्रीबाई तोंड दाराकडेच करून पडली होती. पावलं आली, हे तिला ठाऊक होतं. परत जाताना मात्र ऐकू आली नव्हती. ती अजून उंबऱ्यावर आहेत, का कुठे आहेत, हे तिला समजत नव्हतं, आणि विचारलं तर पोरगी पळणार. तिचे मिटलेले डोळे पापण्यांखाली हलत होते. सहादूला पोरगी दिसत होती आणि एक शब्द बोलता येत नव्हता.

तो सावकाश उठला. पोरगी दचकली, अर्धी उभी राहिली. सहादूनं तिच्याकडे पाहिलंच नाही. पिशवी उचलली, जणू खोलीत पलंगाशिवाय काही नाहीच, आणि म्हणाला, "येतो, मावशी. झालं माझं."

पोरगी पुन्हा खाली बसली.

कारपेटवरून तो बिनआवाजाचा दारापर्यंत गेला. गुलाबी सपाता ओलांडल्या. आणि मग कोब्यावर पाय पडल्याबरोबर त्यानं टाच आपटली. एक. दुखरा पाय ओढला, तोही जोरात, फरफटत. पुन्हा टाच. गुडघ्यातून कळ मस्तकात जात होती, तरी त्यानं चौदा फुटांत एकही पाऊल हळू टाकलं नाही. म्हातारीला नीट मोजता यायला हवं होतं, की बाहेर गेलं ते एकच माणूस गेलं.

हॉलमध्ये ज्ञानेशनं चमकून वर पाहिलं. "काय झालं, सहादूभाऊ?"

"मुंग्या आल्यात पायाला," सहादू म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.

आतून सावित्रीबाईचा आवाज आला. अगदी रोजचा, हाताशी बसलेल्या माणसाशी बोलतात तसा.

"आरू, माझ्या पायावरचं पांघरूण सरकलंय बघ."

सहादूनं पिशवी आवाज न करता खाली ठेवली.

मग बारीक आवाज आला, "हो, आजी."